मोराचे दुखणे

खानदेशातील वैशाख कसा असतो, हे तुम्हांला निराळे सांगावयास नको. सकाळी नऊलाच अंगणातील फरशीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. अकराच्या सुमारास गावातील वाटा ओस पडतात, बैल निंबाखाली डोळे मिटून रवंथ करीत बसतात, आणि गिरणा, पांझरा यांच्या कोरड्या पात्रांतील वाळूवर झळा थरथरू लागतात. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंश सेल्सिअसवर गेल्याचे वर्तमान बहुतेक प्रत्येक उन्हाळ्यात कानी येते. धुळेही फारसे मागे राहत नाही. अशा वेळी माणूस घरात शिरतो, दारेखिडक्या लावून घेतो, माठातील गार पाणी पितो. रानातील मोराने काय करावे?

हा प्रश्न माझ्या मनात कसा आला, ते आधी सांगतो. कारण त्यात माझीही चूक आहे.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी गिरणाकाठच्या एका गावी शिक्षक होतो. आखाजीचा दुसरा दिवस होता. आदल्या दिवशी मुलींनी बांधलेल्या झोक्यांचे दोर अजून निंबाच्या फांदीला लोंबत होते. दुपारी दोनच्या सुमारास चार मुले धापा टाकीत माझ्या दाराशी आली. "गुरुजी, मोर सापडला! आम्ही धरला!" त्यांच्यामागून पाचवा मुलगा मोराला दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून येत होता. नांगरून पडलेल्या शेतातून त्यांनी त्याचा पाठलाग केला होता. प्रथम तो धावला, मग लटपटला, मग कुंपणाशी बसला. आता त्याची चोच उघडी होती आणि गळा भरभर हलत होता. मी शिकलासवरला माणूस. पण त्या वेळी मला सुचले ते एवढेच की, पाखरू तहानलेले आहे. मी म्हणालो, "पाणी पाजा." एकाने चोच धरली, दुसऱ्याने तांब्याने पाणी ओतले. मोराच्या घशात घरघर झाली, त्याने मान एकदा उंच केली, मग ती बाजूला कलली, आणि संपले.

शेजारून एक म्हातारा मेंढपाळ जात होता. तो क्षणभर थांबला आणि अहिराणीत जे बोलला, त्याचा अर्थ असा होता : अर्धा उन्हाने मारला होता, उरलेला तुम्ही मारलात.

त्या मुलांच्या मनात दयाच होती. माझ्याही मनात होती. उणीव होती ती ज्ञानाची. पुढे मी तालुक्याच्या पशुवैद्यांना अनेक प्रश्न विचारले, आणि शेताच्या बांधावर बसून मोरांकडे पाहावयास शिकलो. त्यातून जे कळले, ते येथे लिहीत आहे.

पहिली गोष्ट उष्णतेची. आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. पक्ष्याचे त्याहून अधिक, सुमारे ४१ अंश. भोवतालची हवा ३० अंश असेल, तर मोराच्या अंगातील उष्णता आपोआप बाहेर जाते. त्याचे पाय उघडे असतात, डोळ्यांभोवतीची कातडीही उघडी असते. तेथून ती सहज निघून जाते. परंतु हवाच ४४ अंश झाली, तर काय होईल? उष्णता नेहमी अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. म्हणजे आता ती हवेतून मोराच्या अंगात शिरू लागणार. आपल्याला अशा वेळी घाम येतो. पक्ष्याला घाम येत नाही. त्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नसतात.

मग तो माठाची युक्ती करतो. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, वाऱ्याने त्याची वाफ होऊन जाते, आणि जाताना ती माठातील उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार राहते. मोर चोच उघडतो, जलद श्वास घेतो आणि गळ्याची मऊ कातडी थरथरवितो. तोंडातील, घशातील आणि श्वासमार्गातील ओलावा वाफ होऊन बाहेर पडतो व त्याबरोबर उष्णताही जाते. मोराचा गळा हाच त्याचा माठ. मात्र माठात पाणी असेल, तरच तो गार करील. पाणी न मिळालेला मोर कोरड्या माठासारखा होतो. शिवाय ज्येष्ठात आभाळ भरून येते, हवा दमट होते आणि वारा पडतो, त्या दिवशी माठ नीट गार होत नाही, हे तुम्ही घरी अनुभवले असेल. मोराचेही तसेच. पारा दोनचार अंशांनी उतरला असला, तरी दमट, कोंदट दुपार त्याला कोरड्या दुपारइतकीच जड जाऊ शकते.

तेव्हा हे ध्यानात ठेवावे की, सावलीत उभ्या असलेल्या मोराची चोच उघडी दिसली किंवा त्याने पंख अंगापासून थोडे दूर धरलेले दिसले, म्हणजे तो आजारी आहे असे नव्हे. तो आपला इलाज आपणच करीत असतो. पंख दूर धरल्याने काखेतील विरळ पिसांना वारा लागतो. खानदेशातील शहाणा मोर सकाळी लवकर चरून घेतो, भर दुपार बाभळीच्या किंवा निंबाच्या दाट छायेत काढतो आणि उन्हे कलल्यावर पुन्हा बाहेर पडतो. त्याला तेथे तसेच राहू द्यावे. आपण जवळ गेलो, की त्याला सावली सोडून उन्हात पळावे लागते. उपद्रव एवढ्यानेच होतो.

धोक्याची खूण पुढची आहे. पंख नुसते दूर न राहता गळून जमिनीला टेकू लागतात. मोर चालताना झोकांडी खातो, मान सावरता येत नाही, डोळे अर्धवट मिटतात. सावली चार पावलांवर असूनही तो उन्हातच बसून राहतो. जलद श्वासाने शरीरातील कार्बन डायऑक्साइड वायू प्रमाणाबाहेर निघून जातो आणि रक्ताचा समतोल ढळतो. शरीराचे तापमान नेहमीपेक्षा चारपाच अंशांनी चढले, तर जीव वाचणे कठीण. आणि एक फसवी खूण आहे, तिच्याविषयी सावध असा. इतका वेळ धापा टाकणारा मोर एकाएकी शांत झाला, चोच मिटून आडवा पडला, तर त्याला बरे वाटले असे समजू नका. धापा टाकण्याचीही शक्ती संपली, असा त्याचा अर्थ असू शकतो.

आता तुम्ही विचाराल की, एवढे सारे जवळ न जाता कसे कळावे? त्याला एक सोपी कसोटी आहे. निरोगी रानमोर माणसाला फार दुरून पाहतो आणि उडण्यापेक्षा पळणेच पसंत करतो. तुरा ताठ, मान उंच, आणि तुम्ही बांधाच्या या टोकाला येताच तो त्या टोकाला कपाशीत नाहीसा. जो मोर तुम्ही पंधरा-वीस पावलांवर आलात तरी हलत नाही, त्याचे काहीतरी बिघडले आहे असे धरून चालावे, आणि तेथूनच मागे फिरावे. कळसाखाली दाणे टिपणारे, माणसाळलेले मोर या कसोटीला अपवाद होत. दुसराही एक अपवाद आहे. पावसाळ्यात कुंपणाच्या आडोशाला जमिनीवर अंडी घालून बसलेली लांडोर तुम्ही अगदी जवळ आलात तरी हलत नाही. ती आजारी नसते, आई असते. सुमारे चार आठवडे तिला अंडी उबवावी लागतात. तिला उठवू नये.

पक्षी आपले दुखणे लपवितो. रानात जो अशक्त दिसतो, त्याच्यावर कोल्ह्याची व कुत्र्याची नजर आधी जाते. म्हणून अंगात बळ असेपर्यंत मोर निरोगी असल्यासारखाच वावरतो. आणि खुणा आपल्या डोळ्यांना दिसतात, तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. उन्हाने आलेली ग्लानी आणि रोग यांत भेद करावयाचा, तर घड्याळाकडे पाहावे. ऊन लागलेला मोर दुपारी पडतो. जो सकाळच्या गारव्यातही पिसे फुगवून, मान अंगात ओढून, डोळे मिटून एकटाच बसला आहे, त्याला बहुधा रोग झालेला असतो. थंडीत पिसे फुगविणे स्वाभाविक आहे, वैशाखात नाही.

मोर हा कोंबडीच्याच कुळातला. त्यामुळे कोंबड्यांचे पुष्कळसे रोग त्याला होतात. 'मानमोडी' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. यात पक्ष्याची मान पिळल्यासारखी वाकडी होते, पाय लुळे पडतात, हिरवट पातळ विष्ठा होते. कुमाऊँमधील राणीखेत या गावावरून त्याला राणीखेत रोग असेही म्हणतात. इंग्लंडातील न्यूकॅसल शहराजवळ हाच रोग १९२६ साली आढळला, म्हणून तिकडे त्याला त्या शहराचे नाव पडले. कोंबड्यांसाठी यावर लस आहे. ज्या वाडीत मोर उतरतात, तेथील कोंबड्यांना ती वेळेवर टोचून घेतली, तर मोरांचेही रक्षण होते. देवीच्या रोगात डोळ्यांभोवती व चोचीच्या मुळाशी पुळ्या आणि खपल्या येतात. डोळा झाकला गेला, की मोराला दाणा दिसत नाही आणि तो उपासाने खंगतो. आणखी एक रोग यकृताचा आहे. त्याचे सूक्ष्म जंतू कोंबड्यांच्या आतड्यांतील कृमींच्या अंड्यांबरोबर मातीत पडतात, आणि तेथे टिपणाऱ्या मोराच्या पोटात जातात. त्यात विष्ठा गंधकासारखी पिवळी होते. निरोगी मोराची विष्ठा तपकिरी, घट्ट आणि टोकाला पांढरी असते. हा विषय किळसवाणा वाटेल. पण पशुवैद्य प्रथम तेच पाहतात.

पेरणीच्या दिवसांत आणखी एक संकट असते. बियाणे किडीपासून वाचावे म्हणून त्याला औषध चोळतात. त्याचा रंग लाल किंवा निळा दिसतो. असे बी मातीत नीट झाकले गेले नाही, बांधावर सांडले, तर मोर ते टिपतो. पिकावर फवारलेल्या किंवा दाण्याला लावलेल्या विषारी औषधांपैकी काहींनी चोचीतून लाळ गळते, अंग थरथरते, पाय उचलत नाहीत. विषबाधेची मोठी खूण म्हणजे संख्या. उन्हाने बहुधा एखादा मोर पडतो. विषाने एकाच शेतात, एकाच सकाळी, मोर, लांडोरी, कधी कबुतरे व होलेही पडलेले आढळतात.

एके ठिकाणी अनेक पक्षी मेलेले आढळण्याचे आणखी एक कारण असू शकते, आणि ते खानदेशाला चांगले ठाऊक आहे. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेले आणि आता नंदुरबार जिल्ह्यात मोडणारे नवापूर हे गाव कोंबडीपालनासाठी प्रसिद्ध. फेब्रुवारी २००६ मध्ये तेथील कोंबड्या बर्ड फ्लूने मरत असल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. भारतातील पाळीव कोंबड्यांत हा रोग सापडल्याची ती पहिलीच नोंद. रोग पसरू नये म्हणून लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही गावांतही तो आढळला, आणि २०२१ मध्ये नवापुरास पुन्हा आला. हा रोग क्वचित माणसालाही होऊ शकतो. म्हणून दोनतीन पक्षी एकत्र मेलेले दिसले, तर जवळ जाऊ नये, पिसे उचलू नयेत. घरच्या कुत्र्यालाही आवरावे आणि मोठ्या माणसांकरवी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

इतक्या दुखण्यांची नावे ऐकल्यावर तुम्हांला प्रत्येक मोर आजारी दिसू लागेल, अशी मला भीती वाटते. एकदा श्रावण सरताना माझ्या वर्गातील एका मुलीने रडवेल्या आवाजात सांगितले होते, "आमच्या मळ्यातल्या मोराचा पिसारा गळतोय, तो आता मरणार." तो मेला नाही. पावसाळा ओसरू लागला, की मोराचा पिसारा दरवर्षी गळतो, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नवा येतो. आश्विनातला बिनपिसाऱ्याचा मोर ओशाळल्यासारखा दिसतो खरा, पण त्याची भूक उत्तम असते. तसाच एक प्रकार धुळीचा. मऊ धुळीत एका कुशीवर पडून, पंख पसरून, पाय झाडणारा मोर पाहिला, तर त्याला झटका आला असे वाटेल. प्रत्यक्षात तो धुळीने अंघोळ करीत असतो. पिसांतील उवा, गोचिडी निघून जाव्यात म्हणून ही अंघोळ. थोडा वेळ थांबून पाहावे. तो उठतो, अंग झाडतो आणि चालू लागतो.

आता खरोखरच पडलेला मोर दिसला तर काय करावे? सगळ्यांत आधी, पाठलाग करू नये. धावताना स्नायू स्वतःच उष्णता निर्माण करतात; तापलेल्या मोराला धावावयास लावणे म्हणजे पेटत्या चुलीत काटक्या सारणे होय. धरपकडीच्या भीतीने रानटी पक्ष्याच्या स्नायूंची अशी हानी होते की, तो त्या वेळी वाचला तरी एकदोन दिवसांत मरू शकतो. दुसरे, चोचीत पाणी ओतू नये. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मागेच उघडते. धापा टाकताना ती उघडीच असते, आणि ओतलेले पाणी सरळ फुप्फुसांत जाते. मोर स्वतः पितो तेव्हा चोच बुडवून मान वर करतो, आणि मगच घोट उतरतो. आमच्या हातून तो मोर कसा गेला, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

बर्फाचे पाणीही अंगावर टाकू नये. काठ्या रोवून त्यांवर गोणपाट टाकून दुरूनच सावली करावी, भोवतालची जमीन भिजवावी, पाण्याचे पसरट भांडे त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवावे, कुत्री हाकलावी आणि मुकाट्याने दूर जाऊन बसावे. दरम्यान वनविभागाला कळवावे. महाराष्ट्राच्या वनविभागाचा १९२६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. मोर हा १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला धरण्यास, घरी ठेवण्यास बंदी आहे. तेव्हा बरा करण्यासाठी का होईना, त्याला घरी आणून पाळणे योग्य नव्हे. वनरक्षकांनीच हलवावयास सांगितले, तर त्याच्या डोक्यावर सुती फडके हलकेच टाकावे. अंधारात पक्षी शांत होतो.

पाण्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. आमच्या लहानपणी केळीच्या बागांना पाटाने पाणी जाई. भर उन्हाळ्यात रावेर-यावलकडे पाट झुळझुळत, आणि त्यांच्या काठी साळुंक्या, होले, मोर पाणी पीत. आता ठिबकच्या नळीने पाणी थेंब थेंब झाडाच्या मुळाशी जाते. पाण्याची त्यामुळे मोठी बचत होते, आणि तापीखोऱ्यात ती हवीच. पण बाग हिरवीगार असूनही पाखराला चोच बुडवावयास जागा उरली नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे नाले आटले, की मोर गावाकडे वळतात, ते यामुळेच. कोणी उघड्या हौदाकडे जातो आणि उंच, गुळगुळीत कडेवरून आत पडतो. हौदात एक फळी तिरपी सोडून ठेवली, तर पडलेले पाखरू चढून बाहेर येते.

मळ्यात पाणी ठेवावयाचे, तर मातीचे पसरट परळ घ्यावे, खोली चार बोटांहून अधिक नसावी, मध्ये एक दगड ठेवावा. ते सावलीत असावे. मात्र दाट झुडपाला चिकटून नसावे, नाहीतर मांजर दबा धरते. पाणी रोज बदलावे आणि परळ घासून उन्हात वाळवावे. हे काम कंटाळवाणे आहे, आणि पुष्कळजण चार दिवसांत सोडून देतात. पण विष्ठा पडलेले शिळे पाणी अनेक पाखरांनी प्यावे, याहून ते नसलेले बरे. एकाचा रोग सर्वांना त्यातूनच जातो. कोंबड्यांचे पाणी निराळे आणि रानपाखरांचे निराळे ठेवावे, ते याचसाठी.

त्या आखाजीनंतर तीन-चार वर्षांनी असाच एक दिवस उजाडला. या वेळी लांडोर होती. शाळेच्या मागच्या शेतात ती उन्हात बसली होती, पंख जमिनीला टेकले होते. मुलांनी मला बोलावले. पण धरण्यासाठी कोणी पुढे झाला नाही. तिघांनी मिळून गोणपाटाची सावली केली. एकाने परळ ठेवले. एक जण सायकलीवर वनरक्षकाकडे गेला. बाकीचे माझ्याबरोबर दूर विहिरीच्या थारोळ्याशी बसून राहिले. तासभर काहीच घडले नाही. मुले चुळबुळ करू लागली, आणि खरे सांगायचे तर मलाही राहवेना. चारच्या सुमारास तिने मान वर केली. पुष्कळ वेळाने ती परळाकडे सरकली, चोच बुडविली, मान उंच केली, पुन्हा बुडविली. उन्हे उतरल्यावर मी मुलांना तेथेच ठेवून घरी आलो. वनरक्षक अजून पोहोचावयाचे होते.

दिवेलागणीला त्यांतला सर्वांत धाकटा मुलगा ओरडत अंगणात आला, "गुरुजी, आम्ही नुसते उभे राहिलो, तर ती पळाली!"